बसा आधी, मग देते

४ फेब्रुवारी

शिट्टीबाईंचा हुकूम आहे की रोज काय व्यायाम केला ते वहीत लिहायचं. म्हणून ही वही. आज काही व्यायाम केलेला नाही, तेव्हा व्यायामाचं लिहून झालं. आता बाकीचं लिहितो.

शिट्टीबाई म्हणजे बागेत म्हाताऱ्यांकडून कवायत करून घेणाऱ्या बाई. वयाने माझ्या सुनेएवढ्या असतील. आज घरी येऊन मला बघून गेल्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की शिट्टी कशाला लागते तेच कळत नाही. सूनबाईनेच त्यांचा पत्ता काढला, माझं नाव घातलं आणि सगळं ठरल्यावर मला सांगितलं. "बाबा, उद्यापासून सकाळी बागेत जायचंय. तोल सुधारतो म्हणे." माझा तोल अगदी ठणठणीत आहे असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण जायचंय."

झालं असं की मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात पडलो. पडलो म्हणजे पायपुसणं सरकलं. माझा पाय त्याच्यावर होता, ते गेलं, त्याच्याबरोबर मीही गेलो. यात माझा काय दोष? हातात पातेलं होतं, त्याचा आवाज जरा मोठा झाला इतकंच. सूनबाई बाळाला घेऊन धावत आली आणि दारातच थांबली, पांढरीफटक. मी म्हटलं, "अगं, पातेल्याला काही झालेलं नाही." तिने पातेल्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी पायपुसणी गायब. चांगली नवी पायपुसणी होती.

तेव्हापासून घरात एक नवा नियम निघालाय. बाळाला घ्यायला मी हात पुढे केले की सूनबाई म्हणते, "बसा आधी, मग देते." मी सोफ्यावर बसायचं, ती माझ्या कोपराखाली उशी सरकवणार, आणि मग बाळ माझ्या मांडीवर येणार. नात तीन महिन्यांची आहे, पण अख्खं घर तिच्या तालावर नाचतं, म्हणून मी तिला साहेब म्हणतो. तर आमच्या साहेबांना बसलेला माणूस चालत नाही. त्यांना फिरवावं लागतं. खांद्यावर टाकून, या खोलीतून त्या खोलीत. माझ्या मांडीवर साहेब थोडा वेळ पंखा बघतात आणि मग भोंगा सुरू करतात. सूनबाई येते, उचलते, दोन पावलं टाकते, की साहेब गप्प. वर माझ्याकडे असे बघतात की जणू मीच चिमटा काढला होता.

मी जन्मभर काच वाहिली. दुकानात कापायची, मग गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन खिडकीत बसवायची. माझ्याहून उंच काचा घेऊन अंधारे जिने चढलोय. तडा म्हणून कधी गेला नाही. त्या हातांत आता हातभर लांबीचं पोर उभ्याने द्यायला घरचे घाबरतात. मला हे फार लागलंय. चिरंजीवांना सांगून उपयोग नाही, ते कंपनीची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरतात आणि घरी आले की बायको म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणून इथे लिहून ठेवतो. मला नातीला उभ्याने घ्यायचंय. बाकी गुडघ्यांचं काय वाटेल ते होवो.

५ फेब्रुवारी

गेलो. बागेच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांसाठी नवीन खेळणी बसवली आहेत. शिट्टीबाई त्यांना 'उपकरणं' म्हणतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लाकडी तुळई, तिच्यावरून चालायचं. पुढे थोडा चढ, थोडा उतार, दोन्हीकडे कठडा. मग दगडगोट्यांची वाट. खांदे मोकळे करायला दोन मोठी चाकं. आणि शेवटी साखळ्यांना टांगलेला फळ्यांचा पूल, पाय ठेवला की हलतो. तोही गुडघ्याइतकाच उंच. मी मनात म्हटलं, हा तर पोरखेळ आहे.

तुळईवर चढलो आणि पाचावर धारण बसली. खाली मऊ वाळू, उंची वीतभर, पण पाय जे लटपटायला लागले ते थांबेनात. शिट्टीबाई म्हणाल्या, "आजोबा, पायाकडे बघू नका. नजर समोर." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे वाक्य माझं आहे. दुकानात कोणीही नवीन आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच सांगायचो. काचेकडे बघू नकोस, पायाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिकडे बघ. मी शिट्टीबाईंना म्हटलं, "मला माहीत आहे ते." त्या म्हणाल्या, "मग करा की."

आमच्या टोळीत नावं विचारायची पद्धत नाही, धंद्यावरून ओळख. मी काचवाले. एक दातवाले डॉक्टर आहेत, ते अखंड बोलतात. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून बोलले, त्यामुळे समोरच्यालाही काही म्हणायचं असतं याची त्यांना कल्पना नाही. एक पोस्टवाल्या बाई आहेत. पत्रांची पिशवी खांद्याला लावून त्यांनी सगळं शहर पायी पालथं घातलंय, आता गुडघ्यांची कुरकूर आहे. मी तुळईवरून उतरलो तेव्हा त्यांनी कोपर पुढे केलं. मी धरलं. त्यांना आधार हवा असावा.

९ फेब्रुवारी

सगळं अंग दुखतंय. शिंकायचीही भीती वाटते. आज लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

सूनबाईने माझ्यासाठी बूट आणलेत. नाडी नाही, वरून पट्टा चिकटवायचा. असे बूट शाळेत पहिल्या दिवशी जाणारी पोरं घालतात. मी म्हटलं, "मला नाडी बांधता येते." ती म्हणाली, "नाडी सुटते, बाबा. आणि सुटलेली तुम्हाला दिसत नाही." आणि खाली बसून स्वतः माझ्या पायात बूट चढवले. अंगठा दाबून बघितला, टाच दाबून बघितली, मला चार पावलं चालायला लावलं आणि परत दाबून बघितलं. साहेबांचे बूट घेतानाही ही इतका वेळ घालवणार नाही. माझ्यावर हिचा काडीचा विश्वास नाही, हे काही खोटं नाही.

बूट मात्र चांगले निघाले. हे तिला सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

शिट्टीबाईंनी घरचा अभ्यास दिलाय. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हात बेसिनच्या जवळ ठेवून. दातवाल्यांनी यावर दात नीट कसे घासावेत याचं व्याख्यान दिलं, ते आम्ही तोल सांभाळत ऐकलं.

सकाळी बाथरूममध्ये बेसिनपाशी एका पायावर उभा होतो. जमत होतं. दार उघडलं तर बाहेर सूनबाई, हातात घड्या केलेले कपडे. काल होती, परवाही होती. इतके कपडे आमच्या घरात आहेत तरी का? आणि कपडे ठेवायचं कपाट दुसऱ्या खोलीत आहे. ही माझ्यावर पाळत ठेवून आहे. आज मी तिला वाट करून दिली. पण आतून कडी लावायची नाही हा जो तिचा दुसरा नियम आहे, तो उद्यापासून मोडायचा माझा विचार आहे.

१८ फेब्रुवारी

कडी सापडली नाही. दारावर कडीच नाही. कोणीतरी काढून नेली. आता हे कोणाचं काम, ते वेगळं सांगायला नको.

२४ फेब्रुवारी

आज तुळई पार केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणाचं कोपर न धरता. मधे एकदा डावीकडे कललो, पण हात पसरले आणि सावरलो. पूर्वी काच घेऊन जिन्यात वळताना पाय आपोआप कामाला लागायचे, तसे आज लागले. पायांना अजून आठवतंय याचा मला इतका आनंद झाला की उतरून मी परत चढलो. दातवाले म्हणाले, "काचवाले, तुम्ही आज पंचविशीतले दिसताय." शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली. पोस्टवाल्या बाईंनी पिशवीतून पेरू काढून अर्धा मला दिला.

घरी आलो ते तरंगतच. सूनबाई साहेबांना घेऊन खिडकीपाशी उभी होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून. ती ऐकत होती, हसतही होती. मग मी उभ्याउभ्याच हात पुढे केले.

"बसा आधी," ती म्हणाली, "मग देते."

बसलो. पण साहेबांनाही माझं तोंड बघून काय वाटलं कोण जाणे, आज भोंगा वाजवला नाही.

२६ फेब्रुवारी

विचार केला. चूक माझीच आहे. मी तुळईवर रिकाम्या हाताने चालतोय. रिकाम्या हाताने चालून दाखवलं तर कोण भुलणार? आमच्या धंद्यात नव्या माणसाच्या हातात आधी काच देत नसत. काचेच्या मापाची लाकडी फळी द्यायचे, ती घेऊन दिवसभर जिना चढ-उतर करायचा. फळी कुठे आपटली नाही की मग काच. साधी गोष्ट आहे, आणि ती मला इतक्या दिवसांनी सुचली.

आता साहेबांच्या वजनाचं काय आहे घरात, ते बघायला हवं.

२७ फेब्रुवारी

पीठ.

स्वयंपाकघरात पिठाची मोठी पिशवी आहे, कागदाची, तोंड शिवलेली. उचलून बघितली. साहेब दूध पिऊन जड होतात तेव्हा एवढेच असतात. पण नुसती पिशवी घेऊन चालणं म्हणजे बाजारातून येणं झालं. बाळ धरल्यासारखं वाटायला हवं. म्हणून साहेबांचं बदकांचं दुपटं घेतलं, त्यात पिशवी गुंडाळली. तरी मान कुठे आणि पाय कुठे ते समजेना. मग वरच्या बाजूला टोपरं बांधलं. आता बरोबर दिसतं. मानेखाली आपोआप हात जातो.

सूनबाई साहेबांना आंघोळ घालत होती तेवढ्यात हे सगळं कापडी पिशवीत भरून बाहेर पडलो. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

१ मार्च

पीठसाहेबांना घेऊन दोन दिवस झाले चालतोय. चढ-उतार जमतो. गोट्यांची वाटही जमते, फक्त हळू. पोस्टवाल्या बाईंनी पहिल्या दिवशी दुपट्यात डोकावून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असं लांब धरू नका. ओझं अंगाशी घ्यायचं. लांब धरलं की ते तुम्हाला ओढतं." त्यांचं बरोबर होतं. काच अंगापासून लांब धरायची असते, कडेने कापतं, त्यामुळे माझी सवय उलटी. पिशवी छातीशी घेतली आणि एकदम सोपं झालं.

कशासाठी चाललंय ते त्यांना सांगितलं. त्या खूप हसल्या आणि मग दुपट्याची सुटलेली घडी नीट करून दिली.

दातवाल्यांनीही पीठसाहेबांना घेऊन एक फेरी मारली. बोलण्याच्या नादात टोपरं खाली आणि पाय वर धरले होते.

३ मार्च

सूनबाईने विचारलं, "बाबा, साहेबांचं दुपटं एवढं पांढरं कशाने झालंय?" मी म्हटलं, पावडर असेल. तिने दुपट्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि धुवायला टाकलं. संध्याकाळी वाळलेलं दुपटं घडी करून तिने खालच्या फळीवर ठेवलं. एरवी ते वरच्या फळीवर असतं, आणि ते काढायला मला स्टूल घ्यावं लागायचं. आज नशीब जोरावर आहे.

७ मार्च

कुठून सुरुवात करू? सगळ्या बागेला माहीत झालंय, तेव्हा वहीपासून लपवून काय उपयोग.

आज मी हलता पूल घ्यायचं ठरवलं. पीठसाहेबांसकट. तुळई झाली, गोटे झाले, पूल राहिला होता. शिट्टीबाई अजून यायच्या होत्या, म्हणजे अडवायला कोणी नव्हतं. निघालो. पहिल्या फळ्या नीट गेल्या. नजर समोर, ओझं छातीशी, गुडघे सैल. आणि बरोबर मध्यावर दातवाले मागून पुलावर चढले, काहीतरी सांगायला. पूल असा काही हलला की माझा एक पाय फळीवरून सुटला.

मी पडलो नाही. हे ठळक लिहून ठेवतो. सुटलेला पाय सरळ खाली वाळूत टेकवला, दुसरा गुडघा वाकवला, एका हाताने साखळी पकडली आणि उभा राहिलो, खांबासारखा. मागच्या महिन्यातला मी असतो तर वाळूत आडवा असतो. पण साखळी पकडायला हात लागतो. आणि तो हात पीठसाहेबांचा होता.

पीठसाहेब उडाले. दुपटं एकीकडे, टोपरं दुसरीकडे, आणि पिशवी पुलाच्या खांबावर आपटून फुटली. पांढरा ढग उठला. समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलाला भरवत बसल्या होत्या, त्यांनी जी किंकाळी फोडली ती दोन गल्ल्या पलीकडे गेली असेल. "बाळ टाकलं हो, म्हाताऱ्याने बाळ टाकलं." माणसं धावली. मी ओरडून सांगतोय, "पीठ आहे, पीठ आहे," आणि एक गृहस्थ मला दटावतायत, "आजोबा, शांत व्हा, तुम्हाला धक्का बसलाय." दातवाले प्रथमच गप्प होते, नेमके जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा. शेवटी पोस्टवाल्या बाईंनी टोपरं उचलून झटकलं, त्यात कोणी नाही हे सगळ्यांना फिरून दाखवलं, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. मग जे हसायला लागले ते हसायला लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्यात बागेतून चालल्या होत्या. त्यांनी किंकाळी ऐकली, मला बघितलं, जमिनीवर बदकांचं दुपटं बघितलं, आणि पुढचं काही न बघता घरी फोन लावला. सूनबाईला म्हणाल्या, "लवकर ये, सासरे बाळाला घेऊन पडलेत."

सूनबाई धावत आली. पायात दोन वेगळ्या चपला, केस मोकळे, आणि काखेत साहेब. साहेब मजेत होते, हलल्यावर त्यांना आवडतंच. मला एक गोष्ट अजून कळलेली नाही. फोन आला तेव्हा बाळ तर हिच्याच हातात होतं. बाळ सुखरूप आहे हे जगात सगळ्यात आधी हिलाच ठाऊक. मग एवढी जिवाच्या आकांताने धावत कशाला आली? पिठाचं कळलं असेल म्हणावं, तर फोनवर पिठाचा उल्लेखही नव्हता.

ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझे हात, कोपरं, गुडघे चाचपायला लागली. "पडलात का? बाबा, पडलात का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "पीठ पडलं."

ती बाकावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, नवीन पिशवी आणतो." तर ती रडता रडता हसायला लागली आणि मग तिचं तिलाच कळेना काय चाललंय. पोस्टवाल्या बाई तिच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहिल्या. मी वाळूतलं पीठ पायाने सारखं करत उभा होतो. एवढंच ऐकू आलं, "उभ्याने घ्यायचंय म्हणून हो, दुसरं काही नाही."

८ मार्च

सूनबाई काल रात्री चिरंजीवांशी फोनवर खूप वेळ बोलली, दार लोटून. माझा निकाल लागला असणार. सकाळी साहेबांना घ्यायला गेलो तेव्हा तोंड उघडायच्या आतच मी स्वतःहून सोफ्यावर जाऊन बसलो. तिने उशी ठेवली, साहेबांना दिलं आणि निघून जायच्या ऐवजी समोर बसून राहिली.

"बाबा," म्हणाली, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही हाका मारल्यावर बोलत नव्हतात. किती वेळ बोलत नव्हतात, माहीत आहे?"

मी म्हटलं, "मला वाटतं मी लगेच पातेल्याबद्दल बोललो."

"नाही," ती म्हणाली. "लगेच नाही."

मग उठून गेली. पायपुसण्याचं सांगायचं होतं, पण का कोण जाणे, आज ते तोंडावर आलं नाही.

९ मार्च

आज बागेत निम्मे लोक मला पीठवाले म्हणत होते. शिट्टीबाईंनी मला बाजूला घेऊन खरपूस समाचार घेतला. त्यांच्या माघारी पूल नाही, आणि पुलावर एका वेळी एकच माणूस, हे दुसरं दातवाल्यांकडे बघून. मी मान खाली घालून ऐकलं. सगळं सुनावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाय सुटल्यावर काय केलंत ते परत करून दाखवा." मी दाखवलं. पाय खाली, गुडघा वाकवलेला, हात साखळीला. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि मला पुन्हा करायला लावलं. "बघा," म्हणाल्या, "सावरायचं म्हणजे असं. हेच शिकायला आपण इथे येतो." मी सगळ्यांना धडा घालून दिला. शाळेत कधी पहिला आलो नव्हतो, आज आलो.

१३ मार्च

शिट्टीबाईंची चाचणी झाली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, खुणेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मग एका पायावर उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात मी उठतानाच दोनदा परत बसलो होतो. आज उठलो, गेलो, आलो, आणि बसायचं विसरून तसाच उभा राहिलो. शिट्टीबाई हसल्या. पोस्टवाल्या बाईही पास. दातवाले एका पायावर बोलत राहिले, त्यामुळे त्यांना किती वेळ झाला ते कळलंच नाही.

घरी जाऊन सांगितलं. सूनबाई म्हणाली, "मला शिट्टीबाईंनी कळवलंय." म्हणजे या दोघींचं आपसात बोलणं आहे तर. कधीपासून आहे, देव जाणे. साहेबांना मात्र तिने बसल्यावरच दिलं. आता मी मनाची तयारी केली आहे. साहेब स्वतः चालायला लागले की त्यांचं बोट धरून फिरवीन.

१७ मार्च

आज घरच्या माणसांचा दिवस होता. शिट्टीबाईंनी सगळ्यांना निरोप धाडले होते, म्हाताऱ्यांना इथे काय करावं लागतं ते एकदा स्वतः करून बघा. दातवाल्यांची बायको आली होती. ती तुळईवरून अशी झपझप गेली की दातवाले बघतच राहिले. पोस्टवाल्या बाईंचा जावई गोट्यांच्या वाटेवर अनवाणी उभा राहून ओय ओय करत होता. ऊन छान होतं.

चिरंजीव दौऱ्यावर आहेत. सूनबाई साहेबांना घेऊन आली होती. सगळीकडे हिंडली, चाकं फिरवून बघितली, आणि हलत्या पुलापाशी येऊन थांबली.

"जा की एकदा," पोस्टवाल्या बाई म्हणाल्या. "आण, तिला मी घेते." आणि त्यांनी हात पुढे केले.

"नको," सूनबाई म्हणाली. "बाबा आहेत ना."

मी सवयीने बाकाकडे वळलो. बसल्याशिवाय मिळणार नाही हे मला पाठ झालंय. तर मागून हाक आली, "अहो बाबा, तिकडे कुठे चाललात? धरा ना हिला."

मी वळलो. तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं. बुटांचे पट्टे लावलेत का ते बघत असणार. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि साहेबांना माझ्या हातात दिलं. मी उभा होतो. बाक चांगला दहा पावलं लांब होता. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि पुलावर चढली.

विसरली. दुसरं काय म्हणायचं? इतके दिवस ज्या नियमावर घर चाललंय, तो पुलाच्या नादात साफ विसरली.

मी साहेबांना छातीशी घेतलं. मानेखाली हात आपोआप गेला. पिठाच्या पिशवीचा इतका सराव केला, पण पिशवी श्वास घेत नाही. साहेबांनी माझ्या कॉलरमध्ये मूठ अडकवली आणि गालाला गाल टेकवला. थोडा वेळ मी जागचा हललो नाही. मग साहेबांनी भोंग्याची तयारी केली, म्हणून चालायला लागलो. पुलाच्या बाजूने, गवतावरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत. साहेब गप्प. माझ्या हातात, उभ्याने, फिरताना गप्प. माझे डोळे भरून आले होते, समोरचं सगळं धूसर दिसत होतं, पण पाय बरोबर पडत होते. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवायला बसलो तर आठवेल, पण आज आठवायची इच्छा नाही.

सूनबाई पूल ओलांडून पलीकडे पोचली होती. मला वाटलं, आता आठवेल तिला. आता येईल आणि म्हणेल, बाबा, बसा. ती आली. आम्हा दोघांकडे बघत थोडी उभी राहिली. तिचे डोळेही लाल दिसत होते, उन्हाने असेल. मी साहेबांना परत द्यायला हात पुढे केले.

"राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "मला अजून एकदा जायचंय."

आणि गेली. परत आली, आणि परत गेली. मागे वळूनही बघत नव्हती. एका गुडघ्याएवढ्या पुलावरून धडधाकट माणूस किती वेळा जाईल? पण तिला तो फारच आवडलेला दिसतो. साहेब माझ्या खांद्यावर झोपले होते, मी फिरत होतो, आणि मी तिला नियमाची आठवण करून दिली नाही. उद्याही देणार नाही.